अर्धा थिएटरचा, अर्धा डिस्कचा

सुपरहिरोंचे सिनेमे दोन मापांत निघतात, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. एक माप थिएटरचं. दुसरं, चार-सहा महिन्यांनी घरी बघायच्या डिस्कवर येतं ते. वीस-पंचवीस मिनिटांनी लांब. थिएटरात दिवसाला एक खेळ जास्त बसावा म्हणून जे कापलेलं असतं, तेच डिस्कवर पुन्हा जोडून देतात आणि मोठा उपकार केल्याच्या थाटात तसं खोक्यावर छापतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सरळ म्हटलं, ही लबाडी आहे. शिंप्यानं आपल्याच कापडातलं वीतभर कापून ठेवावं आणि दिवाळीला ते आपल्यालाच भेट द्यावं, तसला प्रकार.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं माझी कीव केली.

"बाबा, थिएटर वाली तो कंपनी की होती है," ती म्हणाली. "डायरेक्टर की असली पिक्चर तो डिस्क पर आती है."

मराठी तिला सगळं कळतं. टोमणेसुद्धा कळतात. पण उत्तर हिंदीतच, आणि तेही लखनौच्या पोरांसारखं स्वतःला 'हम' म्हणत. सुरुवातीला मी प्रत्येक वाक्याला तिला अडवायचो. मग कंटाळलो. मी मराठीत बोलणार, ती हिंदीत बोलणार, आणि भांडण दोन्ही भाषांत सारखंच रंगणार, अशी आमची वाटणी होऊन गेली.

मी रेल्वेत सिग्नलचा इंजिनीअर. मूळचा साताऱ्याकडचा. तीन वर्षांसाठी म्हणून लखनौला आलो आणि पुढच्या बदल्या झाल्या त्याही इथल्या इथं, या ऑफिसातून त्या ऑफिसात. बायको औषधसंशोधनाच्या सरकारी संस्थेत रसायनशास्त्रज्ञ. तिची संस्था जानकीपुरमच्या पलीकडे, शहराच्या उत्तर टोकाला, आणि आमचं घर वृंदावन योजनेत, दक्षिण टोकाला. घर माझ्या सोयीनं घेतलं होतं. हे वाक्य मी इथं लिहितोय कारण ते घरात मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं.

सिनेमाची आवड या दोघींची. मला त्यात ओढलं ते मुलीनं. दुपारचा खेळ, रविवार, मॉलमधलं थिएटर, तिघांची तीन तिकिटं. मला मध्ये बसवायचे नाहीत; मी कडेच्या खुर्चीवर, कारण माझ्या शर्टाच्या खिशात रेल्वेनं दिलेला फोन असायचा. तो बंद करायची परवानगी नव्हती. आवाज बंद करून ठेवला तरी फोन आला की खिशात उजेड पडायचा, पांढरा शर्ट आतून पेटल्यासारखा दिसायचा, आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी "अरे भाईसाहब" म्हणायचं.

सिग्नल बिघडला की तो लाल होऊन बसतो. मुद्दामच तसा बनवलेला असतो. शंका आली की गाडी थांबवायची. एक थांबली की तिच्या मागची थांबते, तिच्या मागची थांबते, आणि मग कंट्रोल रूममधला माणूस माझा नंबर लावतो. त्या माणसाला सांगता येत नाही की भाऊ, आकाशातून एक पूल खाली पडतोय आणि तो कोण झेलतो एवढं बघून येतो. मी उठायचो. वाकून, लोकांच्या गुडघ्यांना चुकवत बाहेर. माझ्या खुर्चीवर पॉपकॉर्नची पिशवी ठेवली जायची.

पहिल्यांदा झालं तेव्हा मुलगी रडली. दुसऱ्यांदा रडली नाही. तिसऱ्यांदा मी उठलो तर तिनं माझ्या शर्टाचं टोक धरलं आणि हात पुढे करून म्हणाली, "मेमो दीजिए."

हे कुठून आलं ते सांगायला हवं. रुळांवरचं कुठलंही यंत्र दुरुस्तीला उघडायचं असेल तर आम्ही आधी स्टेशन मास्तरला लेखी देतो, की अमुक वाजता अमुक यंत्र बंद करतोय, कारण हे. याला म्हणतात डिस्कनेक्शन मेमो. काम झालं की दुसरा कागद, रिकनेक्शनचा: यंत्र परत जोडलं, तपासलं, आता चालू. पहिला कागद दिल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, आणि दुसरा मिळाल्याशिवाय त्या यंत्रावर विसंबून गाडी सोडायची नाही. जेवताना मी हाताखालच्या लोकांच्या तक्रारी सांगायचो, मेमो न देता काम उघडलं म्हणून कुणाला कसं झापलं ते सांगायचो. माझा समज होता की ती वरणभात खातेय. ती ऐकत होती.

मी पडद्याच्या उजेडात तिकिटामागे लिहून दिलं: "३.५०. बाबा बंद. कारण: केबल तुटली. जोडणी कधी ते कळवू." तिनं खाली स्टेशन मास्तर म्हणून सही केली. बायको पलीकडून कुजबुजली, "अहो, दोघंही वेडे आहात, जा आता." मी जिना उतरताना हसत होतो. खोटं का बोला, मला त्या वेळी फार अभिमान वाटला होता. मुलगी अपमान गिळून नियमावर येते, म्हणजे माझीच.

मग चार-सहा महिन्यांनी डिस्क यायची. हजरतगंजात एक दुकान होतं, तिथला माणूस तिला ओळखायचा आणि आली की फोन करायचा. लांब माप आहे ना, हे ती खोक्यावर दोनदा वाचून घ्यायची. रविवारी जेवणं झाली की पडदे ओढायचे, आणि मी म्हणायचो, चला, मी सुटलो होतो तिथून लावा.

हीच माझी चूक. पण ती मला चूक वाटत नव्हती, कारण आयुष्यभर मी तसंच काम केलं होतं. काम जिथं सोडलं तिथून उचलायचं. जोडलेल्या पंचवीस तारा पुन्हा तपासत बसलो तर सव्विसावी कधी जोडणार? मेमोवर वेळ लिहिलेली असायची, ती बघून आम्ही डिस्क तिथपर्यंत पळवायचो, आणि मी उरलेला सिनेमा बघायचो. शेवटी तिच्या वहीत रिकनेक्शनची सही करायचो. माझ्या दृष्टीनं सिनेमा पूर्ण.

त्यात एक गंमत व्हायची. डिस्कवर काय वाढवलंय हे ओळखायचा तिला नाद. एखादा प्रसंग आला की ती टाळी वाजवून म्हणायची, "ये नया है!" मीही म्हणायचो, "हा नवा आहे." ती म्हणायची, "नहीं बाबा, ये वाला तो था. आप नहीं थे." मला जे जे आठवत नव्हतं ते ते मी नव्यात धरायचो, आणि ते बहुतेक सगळं थिएटरात दाखवलेलंच असायचं. बायको तिसरीच. तिला जुनं-नवं काही घेणं नव्हतं, ती फक्त रसायनं बघायची. "हे द्रव असं पेटत नाही," असं ती प्रत्येक स्फोटाला शांतपणे सांगायची.

एका सिनेमावरून मात्र आमचं खरं वाजलं. त्यात नायिका म्हणजे कोसभर दूरचं कुजबुजणंही ऐकू येणारी एक बाई होती, राखाडी झग्यातली. खलनायक होता धरणाचा म्हातारा इंजिनीअर. तो चिडून शहरावर पाणी सोडतो. का चिडतो, ते थिएटरात नीटसं सांगितलंच नाही. चेहरा वाकडा, आवाज खरखरीत, झालं. मध्यंतराला माझा खिसा उजळला आणि मी गेलो. पुढे डिस्क आली तेव्हा रिवाजाप्रमाणे मध्यंतरापासून पुढे बघितली.

मला त्या माणसाचा विलक्षण राग आला. इंजिनीअर माणूस, हाताखाली एवढं धरण, आणि असा वागतो? मी म्हटलं याला निलंबित करायला हवा होता तरुणपणीच. मुलगी म्हणाली, "उसकी ग़लती नहीं थी बाबा." मी म्हटलं, कशी नव्हती? ती म्हणाली, "नहीं थी बस." आता असा वाद कुणी करतं का? मी इरेला पेटलो. हा वाद दोन वर्षं चालला. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत, आरतीनंतर प्रसाद घेत उभे असताना, मी एका प्राध्यापकांना अर्धा तास सुनावलं की आमच्या व्यवसायाची सिनेमावाले कशी बदनामी करतात. ते बिचारे मान डोलावत होते. मुलगी हातात मोदक धरून बाजूला उभी होती आणि तिनं डोळे मिटून घेतले होते.

मग एकदा मला ताप आला. तीन दिवस घरी. दोघी बाहेर गेल्या होत्या, करायला काही नाही, म्हणून मी ती डिस्क लावली आणि आळसानं पुढे पळवली नाही. पहिल्या पंधरा मिनिटांतच एक प्रसंग लागला, जो मी कधीच पाहिला नव्हता. तो इंजिनीअर तरुण आहे. त्याला भिंतीत भेग दिसते. तो वर पत्र लिहितो. उत्तर नाही. पुन्हा लिहितो, नकाशा जोडून. उत्तर नाही. तिसरं पत्र परत येतं, आणि त्यावर साहेबाचा शेरा असतो की समास नीट सोडलेला नाही. पुढे धरण फुटतं तेव्हा त्याच्या हातात ते परत आलेलं पत्र असतं.

मी डिस्क थांबवली. तापात होतो म्हणा किंवा काय, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समास नीट नाही म्हणून माझीही पत्रं परत आलेली आहेत. हा प्रसंग थिएटरातल्या मापातून कापला होता आणि डिस्कवर पहिल्या भागात परत जोडला होता. मी पहिला भाग थिएटरातला पाहिला होता आणि दुसरा डिस्कवरचा. म्हणजे तो प्रसंग माझ्या दोन्ही अर्ध्यांच्या बाहेरच पडला होता. मुलीनं मात्र ती डिस्क एकटीनं पहिल्यापासून पाहिलेली असणार.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा मी तिला सांगितलं, बाई गं, तू बरोबर होतीस, त्याची चूक नव्हती. मला वाटलं ती नाचेल. ती तेव्हा चौदा-पंधराची होती आणि नाचण्याचं वय संपत आलं होतं. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, थिएटर वाली अलग पिक्चर है, डिस्क वाली अलग. आपने आधी ये देखी, आधी वो. जो आपने देखी है ना, वो पिक्चर किसी ने बनाई ही नहीं."

आणि मग तिनं निकाल दिला. रिकनेक्शनच्या आजवरच्या सगळ्या सह्या रद्द. यापुढे 'बाबांबरोबर पाहिलेला सिनेमा' तोच, जो थिएटरात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोघांनी शेजारी बसून पाहिला. डिस्क कितीही लांब असली तरी ती भरपाई म्हणून चालणार नाही.

मी विचारलं, मग आत्तापर्यंत किती झाले?

"एक भी नहीं."

ती हे भांडण म्हणून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं माहिती दिल्यासारखं म्हणाली आणि आत जाऊन तिनं बिस्किटं खाल्ली. मला ते लागलं. फार लागलं. मी मनातल्या मनात सगळे रविवार आठवून पाहिले, एखादा तरी सापडेल म्हणून. नाही सापडला.

त्यानंतर मी प्रयत्न केले, असं म्हणायला मला आवडेल. केलेही. एका जून महिन्यात तर मी पावणेदोन तास सलग बसलो होतो, शेवटची मारामारी सुरू झाली होती, आणि मलिहाबादच्या रस्त्याला कुण्या जेसीबीवाल्यानं खणताना आमची केबल ओढून काढली. मी गेलो. काम उरकून परतताना बागेतून दशहरीची पेटी घेतली आणि ती घेऊन घरी आलो. मुलीनं आंबा खाल्ला, फार गोड आहे म्हणाली, आणि सिनेमा मोजला नाही. मी म्हटलं, अगं फक्त पंधरा मिनिटं राहिली होती. ती कोय चोखत म्हणाली, "आपके यहाँ पंद्रह मिनट पहले गाड़ी छोड़ देते हैं क्या?"

मग ती कॉलेजला बाहेर गेली. डिस्क येणं थांबलं, हजरतगंजातल्या त्या दुकानात आता चष्मे मिळतात. लांब माप हल्ली थेट घरच्या टीव्हीवर उतरतं, खोकं नाही की काही नाही. सुट्टीत ती आली की आम्ही ते बघायचो, पहिल्यापासून, न पळवता. तेवढं मी शिकलो होतो. ते दिवस छान असायचे. मी लोडाला टेकून, ती जमिनीवर, बायको भाजी निवडत रसायनं तपासणार. तक्रार करावी असं माझ्या आयुष्यात फार काही नाही. पण ती हसता हसता एखाद्या पाहुण्याला सांगायची, "बाबा के साथ? थिएटर में? एक भी नहीं," आणि पाहुणे हसायचे, मीही हसायचो, आणि उगीच उठून पाणी आणायला जायचो.

यंदा तिला जर्मनीत पीएच.डी.ची जागा मिळाली. सोमवारचं विमान. आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी एक सुपरहिरोचा सिनेमा लागणार होता. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बायकोच्या आलं. तिनं पोळ्या लाटता लाटता पाठमोरंच सांगितलं, "अहो, ती जायच्या आधी एक तरी करा. नाहीतर पुढची तीन वर्षं तुम्ही चेहरा पाडून बसणार आणि तो मला बघावा लागणार."

"तूही चल," मी म्हटलं.

"मी नाही येत. तुम्ही दोघं जा."

मी ऑफिसात रजेचा अर्ज दिला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. कारणाच्या जागी आमच्याकडे सगळे 'घरगुती काम' लिहितात. मी लिहिलं, मुलीबरोबर सिनेमा. साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, इथलेच, अतिशय अदबशीर. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"सर, घर में सब ख़ैरियत?"

"जी, सब ठीक है."

"तो ये... पिक्चर?"

"पिक्चर."

त्यांनी सही केली. मग मी रीतसर चार्ज दिला, माझ्या जागी कोण ते लिहून, कुठली कामं उघडी आहेत ते लिहून, आणि त्या कागदाच्या मथळ्यावर न राहवून लिहिलं: डिस्कनेक्शन मेमो. यंत्र: मी. माझ्या सहकारी बाईंनी तो वाचला, हसल्या, खाली सही केली आणि रेल्वेचा फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. इतक्या वर्षांत असं मी एकदाही केलं नव्हतं. बहिणीच्या लग्नात केलं नव्हतं. आणि तो कागद दोन मिनिटांत झाला. इतकं सोपं होतं तर आधी का नाही केलं, हा प्रश्न जिना उतरताना मनात आला आणि मला स्वतःचा राग आला. उत्तर मला माहीत आहे. मला वाटायचं, माझ्यावाचून गाड्या चालणार नाहीत.

शुक्रवारी सकाळी दहाचा खेळ. मी कडेच्या खुर्चीकडे वळलो तर मुलीनं मला आत ढकललं आणि स्वतः कडेला बसली. ती दमलेली होती. आठवडाभर सामान, कागदपत्रं, मैत्रिणींचे निरोप, आदल्या रात्री बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून सगळं पुन्हा काढून भरणं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. सिनेमा सुरू झाला. कुणी दोन बहिणी होत्या, एक वारा थांबवू शकत होती आणि दुसरी वारा सोडू शकत होती. बरा होता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून परीक्षेला बसल्यासारखा बसलो होतो. मध्यंतरात तिनं मला समोसा आणून दिला आणि म्हणाली, "आधी हो गई." मी म्हटलं, बघ तू आता.

मध्यंतरानंतर दहा मिनिटं झाली असतील. माझ्या दंडाला काहीतरी टेकलं. तिचं डोकं होतं. मला वाटलं लाडात आली आहे. मग तिचा श्वास ऐकला. झोपली होती.

आता आली का पंचाईत! नियम काय होता? दोघांनी, शेजारी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. झोपलेला माणूस मोजतात का? मोजत नाहीत. तिनंच आईच्या बाबतीत एकदा तसा निवाडा दिला होता. म्हणजे हिला आत्ताच्या आत्ता उठवायला हवं, दोन मिनिटांचंच गेलंय, कानात सांगता येईल. सोमवारी ती जाणार. यानंतर कधी? मी हात उचलला, तिच्या खांद्यापर्यंत नेला. पडद्यावर घरं उडत होती, सगळं थिएटर हादरत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. लहान असताना गाडीत झोपायची तशी तोंड किंचित उघडं. मी हात परत मांडीवर ठेवला.

तिला नाही उठवलं. सिनेमा मी बघितला, अगदी लक्ष देऊन, प्रत्येक प्रसंग. तिला सांगायला लागेल म्हणून. दंड बधिर झाला. शेवटी नावं सुरू झाली, नावांमध्ये पुढच्या सिनेमाचा तुकडा येतो तोही पाहिला, आणि दिवे लागले.

दिव्यांनी ती दचकून जागी झाली, मध्यंतर होऊन गेलं हेही विसरून. "इंटरवल हो गया?"

"सिनेमा संपला, बेटा."

तिनं रिकाम्या पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. "बाबा! जगाया क्यों नहीं?"

"तू दमली होतीस."

"पर अब ये तो... ये तो गिनती में नहीं आएगी."

"नाही येणार," मी म्हटलं. मला वाईट वाटत होतं आणि का कोण जाणे, बरंही वाटत होतं. लोक निघून गेले. झाडूवाल्या बाई पलीकडच्या रांगेत आल्या तरी आम्ही बसून होतो. ती केस बांधायला लागली, मध्येच थांबली.

"पता है," ती म्हणाली, "थिएटर में हमने कोई पिक्चर ठीक से देखी ही नहीं. एक आँख पर्दे पर, एक आपकी जेब पर. कि अब जली, अब जली. आप उठकर चले जाते थे ना, तब जाके चैन पड़ता था. कि चलो, अब तो जा चुके."

माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

"डिस्क इसीलिए तो अच्छी लगती थी. शुरू वाला हिस्सा हम अकेले देख लेते थे, हमें भी सब नया लगता था. आपको बताते नहीं थे." तिनं केस बांधून टाकले. "आज जेब ख़ाली थी. पता नहीं कब आँख लग गई."

इतकी वर्षं मला वाटत होतं की सिनेमा मी अर्धा पाहिला आणि तिनं पूर्ण. मी फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिनं तो ठेवू दिला, जे ती बारावीनंतर ठेवू देत नाही.

मग मी घड्याळ बघितलं. पावणेएक. चार्ज सहापर्यंत दिलेला. मी उठलो, ती मागून "बाबा, कहाँ?" म्हणत आली. खाली तिकिटाच्या खिडकीवर मी सव्वाच्या खेळाची दोन तिकिटं मागितली, त्याच सिनेमाची, त्याच खुर्च्यांची. खिडकीतल्या बाईंनी आम्हाला सकाळी पाहिलेलं होतं.

"सर, यही तो देखकर निकले हैं आप लोग?"

मी काही बोलायच्या आधी मुलगीच पुढे झाली.

"नाही," ती मराठीत म्हणाली, मग त्या बाईंना कळणार नाही हे ध्यानात येऊन तिनं हिंदीत सांगितलं, "हम दोनों ने साथ में अभी नहीं देखी."